अमेरिकेचे मक्तेदारीविरोधी कायदे : उत्तर लिहिताना या चुका टाळा

जगाच्या इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास भेटतं : ‘1890 मध्ये शर्मन कायदा झाला आणि ट्रस्टची मक्तेदारी संपली.’ (ट्रस्ट म्हणजे एकाच धंद्यातल्या कंपन्या एका हाताखाली आणणारा बडा समूह; त्यांना आळा घालायला शर्मन कायदा आला.) कृपा करून हे लिहू नका.

कायद्याला सिनेटमध्ये विरोधात एकच मत पडलं होतं. पण कायद्याने बंदी घातलेला ‘व्यापारात अडथळा’ म्हणजे नेमकं काय, हे ठरवायचं काम न्यायालयांवर पडलं. 1895 मध्ये साखरेचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. अमेरिकन शुगर रिफायनिंग कंपनीने फिलाडेल्फियातले कारखाने विकत घेतले होते आणि देशातली जवळपास सगळी साखर शुद्धीकरणाची क्षमता तिच्या हाती आली होती. न्यायालयाने म्हटलं, साखर तयार करणं हे उत्पादन, व्यापार नव्हे. कायदा लागू नाही. कंपनी सहीसलामत सुटली. त्याआधी रेल्वे कामगारांच्या पुलमन संपात मात्र शिकागोच्या संघराज्य न्यायालयाने याच कायद्याचा आधार घेऊन कामगार नेते युजीन डेब्स यांना तुरुंगात धाडलं होतं.

एका सराव मुलाखतीत एका हुशार मुलीने हेच वाक्य ठणकावून सांगितलं. समोरच्या सरांनी विचारलं, ‘मग 1901 मध्ये बँकर मॉर्गन यांनी युनायटेड स्टेट्स स्टील ही अवाढव्य पोलाद कंपनी कशी उभी केली?’ मुलगी गप्प. तिने एकपानी नोट्स पाठ केल्या होत्या आणि त्यांत 1890 नंतर थेट 1911 चा स्टँडर्ड ऑइलचा निकाल होता. या एकपानी नोट्सचा मला मनापासून राग आहे. घाई असलेल्या मुलांना त्या विकल्या जातात आणि नुकसान मुलांचंच होतं.

मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारतो. डावीकडे कायदा, उजवीकडे न्यायालयात त्याचं काय झालं. डावीकडे 1887 चा आंतरराज्य व्यापार कायदा. उजवीकडे 1897 : या कायद्याने नेमलेल्या आयोगाला रेल्वेचे दर ठरवण्याचा अधिकारच नाही. मग आयोगाला तो अधिकार देणारा 1906 चा हेपबर्न कायदा का आणावा लागला, ते आपोआप कळतं. पान भरायला वेळ लागतो, लागू द्या.

ट्रस्ट मोडल्याचं सगळं श्रेय राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना देऊ नका. रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीवरचा खटला रूझवेल्ट यांच्या काळात, 1906 मध्ये दाखल झाला, पण कंपनीचे तुकडे करणारा 1911 चा निकाल त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या काळातला. खटलेही टाफ्ट यांनीच जास्त भरले, तेही एकाच कारकिर्दीत.

स्टँडर्ड ऑइलचे 34 तुकडे झाल्यावर रॉकफेलर बुडाले, असंही नाही. शेअर वधारले आणि ते आणखी श्रीमंत झाले.

थिओडोर आणि बऱ्याच नंतरचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची गल्लत नको.

शर्मन कायद्याला पुरवणी म्हणून आलेला क्लेटन कायदा आणि फेडरल ट्रेड कमिशन हा व्यापारावर देखरेख करणारा आयोग स्थापणारा कायदा दोन्ही 1914 चे, पण वेगवेगळे. क्लेटनच्या कलम 6 मधलं, माणसाचे श्रम ही बाजारातली वस्तू नाही, हे तत्त्व जरूर लिहा. मात्र उजव्या रकान्यात 1921 चा डुप्लेक्स खटला हवाच; तिथे न्यायालयाने क्लेटन कायद्याने कामगार संघटनांना मिळालेलं संरक्षण पार आकसून टाकलं.