बाय की अंटिल? 'पर्यंत'ची भानगड

आपल्याकडे दोन्हीला मिळून एकच 'पर्यंत' आहे ना, घोळ तिथेच होतो. "शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठव" आणि "शुक्रवारपर्यंत मी गावी आहे", मराठीत दोन्ही एकदम बरोबर, पण इंग्रजीत पहिल्याला बाय लागतं न् दुसऱ्याला अंटिल. मेलमध्ये 'सेंड द रिपोर्ट अंटिल फ्रायडे' लिहिलंत तर त्याचा अर्थ होतो शुक्रवार उजाडेतो रिपोर्ट पाठवतच राहा 😄

मग ओळखायचं कसं, तर क्रियापद बघा. थांबणं, झोपणं, राहणं, वाट बघणं असं काम जे चालूच असतं आणि त्या वेळेला संपतं, तिथे अंटिल. देणं, पाठवणं, पोचणं असं एकदा झालं की विषय संपला, तिथे बाय. म्हणून वेट अंटिल सिक्स, पण कम बाय सिक्स, म्हणजे सहाला या नाहीतर साडेपाचलाच या, चालतंय, फक्त सहाच्या पुढे नको. (टिल म्हणजे अंटिलच, फक्त स्पेलिंगमध्ये टिलला दोन एल, अंटिलला एक. आणि टिल हा शॉर्टफॉर्म नाही बरं का, उलट तोच जास्त जुना शब्द आहे.)

आता खरी गंमत 'नाही'ची. बँक दहापर्यंत उघडत नाही, इथे उघडणं एकदाच होतं म्हणून बाय लावावंसं वाटेल, पण चालू काय आहे तर बंद असणं! म्हणून द बँक डझन्ट ओपन अंटिल टेन.

आणि "जोपर्यंत मी येत नाही तोपर्यंत थांब" यातला 'नाही' इंग्रजीत न्यायचा नाही, वेट अंटिल आय डोन्ट कम हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं पण चूक आहे, नुसतं अंटिल आय कम पुरतं.

"मी पोचेपर्यंत गाडी गेली होती" याला काय? बायच्या पुढे आख्खं वाक्य जोडता येत नाही, म्हणून मध्ये द टाइम घालायचं, बाय द टाइम आय अराइव्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट.

आणि "स्टेशनपर्यंत चालत गेलो" मध्ये वेळेचा संबंधच नाही, तिथे दोन्ही सोडा, ॲज फार ॲज द स्टेशन म्हणा नाहीतर सरळ टू द स्टेशन.