पाइल ठोकताना या चुका टाळा

पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत ठोकायचा लांब खांब, खाली जायचा थांबला की साइटवर पहिली सूचना येते ती ‘उंची वाढव’ अशी. विंच (दोर गुंडाळायचं यंत्र) चालवणारा हॅमर, म्हणजे पाइलवर पडणारा जड ठोकळा, आणखी वर ओढतो, दणका जोरात बसतो, बघणाऱ्यांना काम झाल्यासारखं वाटतं आणि पाइलचं डोकं फुटतं. ही एकच चूक इतक्या ठिकाणी बघितली आहे की सुरुवात तिच्यापासूनच करतो.

ठोक्याची ऊर्जा म्हणजे वजन गुणिले उंची, हे बरोबर. 3 टनांचा हॅमर 1 मीटरवरून सोडा, नाहीतर 1 टनाचा 3 मीटरवरून, दोन्हीकडे सुमारे 30 किलोज्यूलच येतात. पण पाइलच्या डोक्यावर किती ताण येणार हे मुख्यतः आदळण्याच्या वेगावर ठरतं. 1 मीटरवरून पडणारा हॅमर सेकंदाला साधारण 4.4 मीटर वेगाने आदळतो, 3 मीटरवरून पडणारा 7.7 मीटर वेगाने. सेकंदाला 1 मीटर वेगामागे काँक्रीटमध्ये 9 मेगापास्कलच्या आसपास आणि स्टीलमध्ये 40 च्या आसपास ताण उठतो. मध्ये कुशन (डोक्यावर ठेवायची प्लायवूडची गादी) नाही आणि घाव थेट बसला असं धरलं, तर काँक्रीटच्या पाइलवर पहिल्या हॅमरने 40 मेगापास्कल येतात आणि दुसऱ्याने जवळपास 70. शिवाय हलक्या हॅमरचा धक्का क्षणात संपतो. टोकाखालची माती सरकेपर्यंत पाइलवर जोर टिकायला हवा, तो जड हॅमरच टिकवतो.

ही गोष्ट आजची नाही. इ.स.पू. 55 मध्ये सीझरने ऱ्हाइन नदीवर पूल बांधला तेव्हा लाकडी खांब धुम्मस मारून रोवले होते. पुढे कितीतरी शतकं माणसांनी दोर ओढून ठोकळा उचलायचा आणि सोडायचा, हीच पद्धत राहिली. 1738 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलासाठी व्हालूए नावाच्या घड्याळजीने घोड्यांवर चालणारं यंत्र बनवलं. खरा बदल केला तो जेम्स नास्मिथ या स्कॉटिश इंजिनिअरने. त्याच्या वाफेच्या यंत्रात जड ठोकळा कमी उंचीवरून, पण भराभर पडायचा आणि यंत्राचा भार पाइलवरच असायचा. 1845 मध्ये इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टच्या गोदीत जुनं यंत्र आणि हे यंत्र यांची शर्यत लागली. नास्मिथने नोंदवल्याप्रमाणे त्याचा पाइल साडेचार मिनिटांत खाली गेला आणि जुन्या यंत्राला 12 तास लागले. जुन्या यंत्राने लोखंडी कडं घातलेल्या डोक्याचाही कुंचा करून टाकला, नास्मिथच्या पाइलचं डोकं मात्र शाबूत राहिलं. एवढं सगळं सिद्ध होऊनही आज उंचीवरच भर देणारे भेटतात, याचा मला मनापासून राग येतो.

हॅमर पाइलच्या निम्म्या वजनाचाही नसेल तर मी काम सुरूच करू देत नाही. आणि काँक्रीटचा पाइल मऊ मातीतून सरसर जात असेल तर उंची कमी करायला लावतो. नवख्यांना हे उलटं वाटतं. पण खाली विरोध नसला की ठोक्याने पाइलमधून खाली गेलेली दाबाची लाट टोकावरून ओढीची (टेन्शनची) होऊन परत येते आणि काँक्रीट ओढीला कच्चं. आडवे तडे जातात, प्रत्येक ठोक्याला त्यांतून धूळ उडते. ती धूळ दिसली की हॅमर थांबवा.

दुसरी चूक रिफ्यूजलची, म्हणजे पाइल आता आणखी खाली जात नाही असं ठरवण्याची. 25 मिलिमीटरला 10 ठोके लागले की ‘लागला खडक’ म्हणून मोकळं व्हायचं. अहो, पाइल अडण्याआधी हॅमर अडला नाही ना, ते तर बघा!

एका कामावर स्टीलच्या पाइपचे पाइल डिझेल हॅमरने (यात डिझेलच्या स्फोटाने पिस्टन वर उडतो आणि पडून घाव घालतो) चालले होते. भर दुपारी एक पाइल ठरलेल्या खोलीच्या बराच वर अडला. बोअरलॉगमध्ये (जमीन खणून केलेल्या थरांच्या नोंदीत) तिथे मध्यम वाळू होती, कठीण थर आणखी खाली. तरी तरुण सुपरवायझरने वर उरलेला पाइल कापायला गॅस कटर मागवला होता. ‘साहेब, पिस्टन बघा किती उंच उडतोय, मार पूर्ण बसतोय,’ असं तो मला सांगत होता. मी वर पाहिलं. सिलिंडरच्या रंगाला फोड आले होते, एक्झॉस्टमधून ज्वाळा येत होत्या आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा खणखणीत आवाजच नव्हता. हॅमर इतका तापला होता की पिस्टन आदळण्याआधीच डिझेल पेट घेत होतं. त्या स्फोटाने पिस्टन मधेच उचलला जायचा, म्हणून उडी उंच आणि घाव पोकळ. हॅमर बंद ठेवला, गार होऊ दिला. पुन्हा सुरू केल्यावर तोच पाइल ठरलेल्या खोलीपर्यंत गेला. कटर चालला असता तर अर्धवट पाइलवर पुढचं सगळं बांधकाम उभं राहिलं असतं.

वरून उघड्या डिझेल हॅमरचे मिनिटाचे ठोके मी घड्याळ लावून मोजतो. 40 पडले तर उडी साधारण 2.7 मीटर, 45 पडले तर 2.1. उडी भरपूर आणि सेट, म्हणजे ठोक्यामागे पाइल खाली जातो ते अंतर, नगण्य असं दिसलं की आधी हॅमर तपासतो, मातीचा विचार नंतर.

कुशनचंही तेच. शेवटचा सेट घ्यायच्या तोंडावर नवं प्लायवूड घालू नका. ते दबेपर्यंत मार स्वतःच खातं आणि खोटं रिफ्यूजल दाखवतं. जळून निम्मं झालेलं प्लायवूडही चालवू नका.

लीडर (हॅमर आणि पाइलला धरून ठेवणारा उभा सांगाडा), हॅमर आणि पाइल एका रेषेत नसतील तर बाकीचं सगळं व्यर्थ. पहिल्या मीटरलाच दोन दिशांनी ओळंबा बघा, नंतर पाइल ओढून सरळ करणं म्हणजे तो वाकवणं.

सेटवरून पाइल किती भार पेलेल हे काढायचं वेलिंग्टनचं 1888 चं सूत्र अजून अंतिम सत्यासारखं वापरलं जातं. ते लाकडी पाइल आणि ड्रॉप हॅमरसाठी (दोराने उचलून सोडायच्या ठोकळ्यासाठी) होतं. लांब पाइलमध्ये ठोक्याची लाट कशी प्रवास करते हे त्यात नाहीच. स्मिथने 1960 मध्ये लाटेच्या समीकरणाची कॉम्प्युटरवर चालणारी पद्धत मांडली, त्याला किती काळ लोटला! सूत्राचा आकडा मी फक्त शेजारच्या दोन पाइलांची तुलना करायला घेतो.

चिकणमातीत त्याच दिवशीच्या सेटवरून भारक्षमता ठरवू नका. ठोकताना मातीतल्या पाण्याचा दाब चढतो, तो उतरल्यावर पकड वाढते. काही दिवसांनी पुन्हा ठोके मारून बघायचं घाई-गडबडीच्या लोकांच्या भारी जिवावर येतं.

व्हायब्रो हॅमर (पाइल थरथरवून खाली घालणारा) वाळूत झकास, चिकणमातीत नाही. भार घेणाऱ्या पाइलचं शेवटचं ठोकणं इम्पॅक्ट हॅमरनेच (घाव घालणाऱ्या हॅमरनेच) करा.

काँक्रीटचा पाइल एका दोरावर उचलायचा तर टोकापासून लांबीच्या 0.29 वर बांधा, दोन दोरांवर उचलायचा तर दोन्हीकडून 0.21 वर. ती जागा पाइल यार्डातून निघण्याआधीच रंगाने खूण करून ठेवा, क्रेनवाल्याच्या अंदाजावर सोडू नका.