सोयाबीन चाळणी युनिट: गरजांची वही वेगळी, कामाची हद्द वेगळी

शेतकरी उत्पादक कंपनीत ‘चाळणी-ग्रेडिंग युनिट टाकू’ असा ठराव झाला, की दुसऱ्या दिवशी कोटेशनं मागवली जातात. घाई इथेच नडते. त्याआधी दोन कागद लागतात, आणि ते एकमेकांत मिसळायचे नसतात.

रिक्वायरमेंट प्लॅनमध्ये गरजा कोणाला आणि कशा विचारायच्या, कुठे नोंदवायच्या, दोन मागण्या भिडल्या तर कोणती आधी, हे ठरतं. स्कोप प्लॅनमध्ये त्या गरजांतून कामाची हद्द कशी आखायची, कामाचे तुकडे कसे पाडायचे आणि काम पूर्ण झाल्याची सही कोण करणार, हे ठरतं. पीएमबॉक या प्रकल्प व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक पुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत (२०१७) हे दोन्ही कागद ‘प्लॅन स्कोप मॅनेजमेंट’ या एकाच प्रक्रियेतून निघतात, म्हणून गोंधळ जास्त. दोन्ही कागद फक्त पद्धत सांगतात. प्रत्यक्ष गरजांची यादी आणि हद्दीचा मसुदा त्यानंतर.

गरजा आमसभेत विचारू नका. तिथे चार मोठे आवाजच ऐकू येतात. सभासदांना गावनिहाय, हमालांना माल उतरताना, ट्रकवाल्याला आवारात आणि व्यापाऱ्याला त्याच्या दुकानात गाठा. ‘मशीन दमदार पाहिजे’ ही गरज नव्हे, इच्छा आहे. तिला आकडा द्या. समजा ४०० सभासद, प्रत्येकी सरासरी १५ क्विंटल सोयाबीन: ६,००० क्विंटल, म्हणजे ६०० टन. हंगामाचे ३० दिवस धरले तर रोज २० टन, ५० किलोचे ४०० कट्टे. दहा तास मशीन चालली तर तासाला २ टन. पण माल सारखा येत नाही, दिवाळीच्या तोंडावर एकदम लोटतो. त्या आठवड्यात दुप्पट आवक झाली तर दोन पाळ्या चालवायच्या, की आलेला माल ठेवायला जागा करायची? हे यादीतच लिहा, नाहीतर कट्टे उघड्यावर भिजतील.

सगळ्यात जास्त फसगत ओलाव्यात होते. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. व्यापारीही ओल पाहूनच भाव पाडतो. चाळणी माती, खडे, काडीकचरा काढते. ओल काढत नाही. म्हणजे ‘ओलावा १२ टक्क्यांच्या आत’ ही गरज नुसत्या मशीनने भागणारच नाही, वाळवणीचा पक्का ओटा आणि ओलावा मोजायचं मीटर हद्दीत घ्यावं लागेल. गरजांची वही आधी लिहिली तरच हे कोटेशनच्या आधी कळतं.

आता हद्द. आत काय: शेड, मशीनचा पाया, मशीन, वजनकाटा, ओटा, मातेरं टाकायची जागा, बिगरशेती थ्री-फेज जोडणी (शेतीच्या फिडरवर वीज पाळीने येते, त्या भरवशावर हंगाम निघत नाही). बाहेर काय, हेही स्पष्ट लिहा: गावातून माल आणणं, विक्री, डाळ मिल. आवारापर्यंतच्या पाणंद रस्त्याचं मुरुमीकरण कोणाकडे, हे मोघम ठेवू नका; काळ्या मातीत परतीच्या पावसात भरलेला ट्रक रुतलाच म्हणून समजा.

कामाचे तुकडे इतके लहान पाडा की एका तुकड्याला एक जबाबदार माणूस, एक किंमत आणि दिवसांचा आकडा देता येईल. पायाचा तुकडा वेगळाच ठेवा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यावरच उभा केला तर मशीन कलते आणि दाणा चाळणीच्या एकाच बाजूने धावतो.

मग एका वहीत पाच रकाने आखा: गरजेचा क्रमांक, गरज, कोणाची, कामाचा तुकडा, तपासणी कशी. गरजेसमोर तुकडा कोरा असेल तर काम राहून गेलंय. तुकड्यासमोर गरज नसेल (कमान, कार्यालयाला ग्रॅनाइट) तर पैसा उगाच चाललाय.

काम सुरू झाल्यावर कोणी ‘डाळ मिलही लावून टाका’ म्हणालं, तर ठेकेदाराला तोंडी सांगू नका. गरज वहीत नोंदवा, खर्च, दिवस आणि विजेचा भार किती वाढतो ते लिहा, संचालक मंडळाचा ठराव घ्या, मगच हद्द बदला.

ताबा घेताना मशीन रिकामी फिरवून सही करू नका. दोन तासांत ४ टन, म्हणजे ८० कट्टे चाळून पाहा. मे-जूनमध्ये ताबा मिळणार असेल तर त्यासाठी मागच्या हंगामाचा तेवढा माल आधीच राखून ठेवा.