कार अपघाताचा क्लेम: वैद्यकीय कागदपत्रांतल्या या चुका टाळा

क्लेमची फाइल हातात आली की विमा कंपनीचा माणूस आधी बिलांची बेरीज करत असेल, असं आपल्याला वाटतं. तो आधी दोन तारखा पाहतो: अपघाताची आणि पहिल्या केसपेपरची. मध्ये आठवडा गेला असेल, तर पुढचा प्रश्न ठरलेलाच. या आठवड्यात तुम्हाला दुसरीकडे कुठे लागलं नाही कशावरून?

आठवडा जातो तो बहुतेकदा साध्या कारणाने. धडकेनंतर ॲड्रेनलिनमुळे वेदना दबून राहते, आणि मानेला बसलेला हिसका तर कित्येकदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी जाणवू लागतो. मग माणूस मलम चोळत घरी बसतो. म्हणून विशेष दुखत नसलं तरी त्याच दिवशी तपासून घ्या, आणि नंतर दुखायला लागलं तर पुन्हा जा. उशीर झालाच असेल तर मागची तारीख टाकून घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. दुखणं कधी सुरू झालं आणि तोवर घरी काय केलं, ते डॉक्टरांना सांगून लिहून घ्या. खऱ्या उशिराचं कारण देता येतं. खोटी तारीख उघडी पडली की खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पहिल्या पानावरची हकीकत

सगळ्यात महाग पडणारी चूक माझ्या मते इथे होते. कॅज्युअल्टीत गर्दी असते, रुग्ण कण्हत असतो, सोबतचा नातेवाईक घाईघाईत काहीतरी सांगतो आणि कागदावर उमटतं, ‘पडून लागले, उजवा खांदा दुखतो’. कारचा पत्ताच नाही. पुढे एखाद्या पानावर ‘डावा खांदा’ असं आलं की समोरच्या वकिलाला आणखी काय हवं?

गाडी चालवत होतात की मागे बसला होतात, धडक कोणत्या बाजूने बसली, पट्टा लावला होता का, डोकं कशावर आपटलं, शुद्ध हरपली का, हे सगळं पहिल्याच कागदावर आलं पाहिजे. हात मोडलेला असताना गुडघ्याच्या खरचटण्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण तेही सांगा. महिन्याभराने गुडघा सुजला तर तो आकाशातून पडल्यासारखा वाटायला नको. कागद हातात पडला की तिथेच वाचा. चूक सापडली तर स्वतः पेन चालवू नका. डॉक्टरांकडून तारीख आणि सहीसह वेगळी दुरुस्तीची नोंद करून घ्या.

डोक्याला मार असेल तर कागदावर जीसीएसचा, म्हणजे माणूस किती शुद्धीत आहे ते मोजणारा, आकडा दिसतो. 1974 साली मांडलेल्या या ग्लासगो कोमा स्केलवर 3 ते 15 गुण मिळतात. 15 म्हणजे डोळे, बोलणं, हालचाल सगळं ठीक. पण मेंदूला हादरा बसलेल्या माणसालाही 15 मिळू शकतात. घरी आल्यावर उलट्या, भोवळ, चिडचिड, विसरभोळेपणा सुरू झाला तर आधी दवाखाना गाठा आणि ते कागदावर आणा. बरेचदा हा बदल रुग्णापेक्षा घरच्यांना आधी दिसतो, तेव्हा त्यांना सोबत न्या.

‘मान दुखते’ एवढ्यावर भागत नाही

मानेच्या हिसक्याची 0 ते 4 अशी प्रतवारी 1995 मध्ये क्वेबेकच्या तज्ज्ञगटाने केली. नुसतं दुखणं आणि आखडणं असेल तर पहिली प्रत. मान वळण्यावर मर्यादा आली किंवा ठरावीक जागी दाबल्यावर कळ आली तर दुसरी. तिसरीत मज्जातंतूंवर परिणामाची लक्षणं दिसतात आणि चौथीत हाड मोडलेलं किंवा सरकलेलं असतं. डॉक्टरांनी मान वळवून पाहिली पण लिहिलं नाही, तर दुसऱ्या प्रतीची दुखापत कागदावर पहिलीच राहते. मान किती अंशांपर्यंत वळते, बोटांना मुंग्या येतात का, हे लिहाल का, असं विचारायला संकोच कसला?

आपलाही दोष असतो. डॉक्टरांनी ‘कसं आहे?’ विचारलं की आपण सवयीने ‘बरं आहे’ म्हणतो आणि कागदावर ‘सुधारणा’ लागते. उलट टोक म्हणजे दर भेटीत दहापैकी दहा वेदना सांगणं. त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. त्यापेक्षा काय जमत नाही ते सांगा: गाडी मागे घेताना मान वळत नाही, कुशीवर झोपता येत नाही.

जुनं दुखणं लपवणं

एमआरआयमध्ये मणक्याची झीज दिसली की ‘हे तर आधीपासूनचंच’ हे उत्तर तयारच असतं. झीज मात्र पाठ न दुखणाऱ्यांतही सर्रास आढळते: 2015 सालच्या एका आढाव्यानुसार विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के लोकांत. तरीही आधीचा त्रास लपवू नका. जुने कागद निघतातच. अपघाताआधी काय जमत होतं आणि आता काय जमत नाही, हा फरक डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता फुटकळ, पण नडणाऱ्या गोष्टी. फॉलो-अप चुकवू नका. मनगटातल्या स्कॅफॉइड हाडाचं फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत न दिसता 10 ते 14 दिवसांनी काढलेल्या एक्स-रेत दिसू शकतं. औषधांच्या प्रत्येक बिलाला चिठ्ठी जोडा. थर्मल कागदावरच्या पावत्या काही महिन्यांत पांढऱ्या पडतात, त्यांची झेरॉक्स लगेच काढा. डिस्चार्ज कार्डावर न थांबता दाखल असतानाचे सगळे केसपेपर मागून घ्या. आणि हाड पूर्ण जुळायच्या आत कायमच्या अपंगत्वाचा दाखला घेऊ नका: तपासणी लवकर झाली तर आकडा कच्चा ठरतो आणि पुढे सांधा आखडला तरी फाइलमध्ये तोच राहतो.