टर्बोचा बूस्ट तपासताना या चुका टाळा

भरलेला ट्रक घाटात ओढेनासा झाला, डिझेल जास्त पिऊ लागला, की पहिला संशय टर्बोवर, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपावर जातो. त्यात बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा आकडा कमी दिसला तर विचारायलाच नको, टर्बो उतरलाच. खरं तर कमी बूस्टच्या कितीतरी तक्रारी एखादी क्लिप, होज (हवेची रबरी नळी) किंवा फिल्टर बदलून मिटतात. पण आधी आकडा नीट वाचता यायला हवा.

स्कॅनरवरचा आकडा म्हणजेच बूस्ट समजणे

डॅशबोर्डवरचा काटा वातावरणाच्या दाबाच्या वर किती दाब आहे तेवढंच दाखवतो. इंजिन बंद असताना तो शून्यावर असतो. स्कॅनरवर मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या मॅनिफोल्डमधला एकूण दाब येतो, त्यात वातावरणाचा दाबही धरलेला असतो. त्यामुळे आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) १०० केपीए (किलोपास्कल) दिसले तर तो बूस्ट नव्हे, ती बाहेरचीच हवा. बूस्ट काढायचा तर मॅपमधून बॅरो, म्हणजे वातावरणाचा दाब वजा करायचा. समजा पुण्याजवळ फुल लोडवर मॅप २३५ आणि बॅरो ९५ आहे. मग बूस्ट १४० केपीए, म्हणजे १.४ बार किंवा सुमारे २० पीएसआय. वजाबाकी विसरून २३५चेच पीएसआय केले तर ३४ येतात, काट्यावर दिसतात २०, आणि बिचारा चांगला काटा भंगारात जातो.

सेन्सर खरं बोलतोय का, हे बघायला एक मिनिट पुरतं. चावी ऑन, इंजिन बंद. मॅप आणि बॅरो जवळजवळ सारखे दिसले पाहिजेत: मुंबईत १०१च्या आसपास, पुणे-नाशिककडे ९५, महाबळेश्वरला ८६-८७. मॅप बराच वेगळा दिसला तर टर्बोला हात लावू नका, आधी सेन्सर आणि वायरिंग बघा. ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) असलेल्या इंजिनात सेन्सरच्या तोंडावर तेल आणि काजळीचा चिकट थर बसतो आणि आकडा उशिरा चढतो. काँटॅक्ट क्लीनर मारून तो वाळू द्या. तार घालून कोरू नका, आतला नाजूक भाग फुटतो.

उभ्या गाडीला रेस देऊन निदान करणे

डिझेल टर्बो एक्झॉस्टमधल्या ताकदीवर फिरतो आणि ती ताकद लोड असतानाच येते. न्यूट्रलला कितीही रेस दिली तरी काटा थोडासाच हलतो. त्यावरून टर्बो गेला असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. तपासणी भरलेल्या गाडीवर, कसारा किंवा खंबाटकीसारख्या चढावर करा. एकच गिअर धरून ठेवा, १,२०० आरपीएमच्या आसपासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि कोणत्या आरपीएमला किती बूस्ट आला ते शेजारच्या माणसाला लिहू द्या. चालवणाऱ्याने स्कॅनरकडे बघायचं नाही. इंटरकूलरवाल्या (टर्बोची गरम हवा गार करणारा रेडिएटर असलेल्या) ट्रकमध्ये असा बूस्ट बहुधा १ बारच्या वर जातो, पण किती हवा ते इंजिनावर ठरतं. तो आकडा मॅन्युअलमधून घ्या, शेजारच्या ट्रकवरून नको.

आयडलला साबणाचं पाणी मारणे

गळती शोधायला इंजिन आयडलला ठेवून होजवर साबणाचं पाणी मारतात, ही चूक अगदी सर्रास होते. आयडलला बूस्टच नसतो, मग बुडबुडे येणार कुठून? शिवाय काही होज गार असताना धड दिसतात आणि गरम होऊन दाब आला की फाकतात. चीर बऱ्याचदा खालच्या बाजूला, वळणाच्या आतल्या अंगाला असते. होज हाताने दाबून वाकवल्याशिवाय ती दिसत नाही. क्लिपच्या कडेला ओलसर काळी धूळ चिकटलेली दिसली तर तिथून तेलाची वाफ असलेली हवा बाहेर पडते आहे, हे नक्की समजा.

खात्रीची पद्धत म्हणजे इंटरकूलरची दोन्ही तोंडं प्लगने बंद करून आत हवा भरणे. रेग्युलेटर लावून दाब २ बारवर आणा, हवा बंद करा आणि १५ सेकंद गेज बघा. बऱ्याच हेवी इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये ५ ते ७ पीएसआयपर्यंतची घट चालते. त्यापेक्षा जास्त घटला तर साबणाचं पाणी आता मारा. प्लग साखळीने बांधायला विसरू नका, सुटला तर गोळीसारखा येतो.

इंटरकूलरच्या होजमध्ये तेलाचा पातळ थर असणं नेहमीचंच आहे, ती ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून येणारी तेलाची वाफ. तेल साठून वाहत असेल तर मात्र चौकशी करा.

फक्त धुराकडे बघणे

जुन्या गाडीत नियम सोपा होता. बूस्ट कमी आणि धूर काळा, तर हवेची बाजू बघा: फिल्टर, होज, इंटरकूलर, टर्बोच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती. बूस्ट कमी आणि धूरही नाही, तर डिझेल फिल्टर बघा, कारण इंधनच कमी पडलं तर टर्बोला फिरवणार कोण? बीएस-६ गाडीत हा नियम लंगडा पडतो. हवा कमी आहे हे कळताच ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) डिझेल कापतो, उरलेली काजळी डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर) अडवतो आणि सायलेन्सर स्वच्छच दिसतो. अशा गाडीत रीजनरेशन (डीपीएफमधली काजळी जाळणं) वारंवार होऊ लागलं तर बूस्टची गळती नक्की तपासा. स्कॅनरवर येणारा पी ०२९९ हा बिघाडाचा कोडसुद्धा दाब कमी आहे एवढंच सांगतो, टर्बो बदला असं सांगत नाही.

जास्त बूस्टवर खूश होणे

वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, आणि अ‍ॅक्च्युएटर म्हणजे तिला रॉडने उघडणारा डबा. दाबाने उघडणाऱ्या वेस्टगेटमध्ये अ‍ॅक्च्युएटरची बारीक नळी फाटली तर गेट उघडतच नाही आणि बूस्ट मर्यादेबाहेर जातो. गाडी आठवडाभर झकास पळते, पुढे हेड गॅस्केट जातं. बूस्टचा काटा बसवायला याच नळीला टी (तीन तोंडांचा जोड) मारू नका, जोड मॅनिफोल्डवरून घ्या. अ‍ॅक्च्युएटर हातपंपाने तपासा. टायरच्या कॉम्प्रेसरची ८ बारची हवा थेट सोडली तर डायफ्रॅम फाटतो. आणि अ‍ॅक्च्युएटरचा रॉड आखडून पिकअप वाढवून देणाऱ्या मेस्त्रीला लांबूनच नमस्कार करा.

हे सगळं बघून झाल्यावर टर्बो खोला. शाफ्ट आडवा किंचित हलणं चालतं, पुढे-मागे हललेला हाताला जाणवता कामा नये. पाती घरात घासली असतील किंवा तुटली असतील तर नवीन टर्बो बसवण्याआधी तेलाची फीड पाईप बदला आणि इंटरकूलर उतरवून तुकडे काढा. राहिलेला एक तुकडाही थेट सिलिंडरमध्ये जाऊ शकतो.