शरीरातली बलं मोजताना या चुका टाळा

पाच किलोचं डंबेल हातात धरा, कोपर काटकोनात ठेवा आणि विचार करा: दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू, म्हणजे बायसेप्स, किती बल लावतोय? वर्गात हा प्रश्न टाकला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘पाच किलो’. मग कोणीतरी सुधारतं, ‘नाही, ४९ न्यूटन’. खरं उत्तर याच्या दहापट आहे आणि ते कळलं की वर्गात एकदम शांतता पसरते.

‘पाच किलो’मधली चूक सोपी आहे. किलो हे वस्तुमान, बल न्यूटनमध्ये. ९.८ ने गुणलं की काम झालं. ‘४९ न्यूटन’मधली चूक मात्र जास्त खोल आहे. तिथे गृहीत धरलंय की जेवढा भार, तेवढंच स्नायूचं बल. पण हात ही तरफ आहे. कोपर टेकू आणि डंबेल टेकूपासून साधारण ३५ सेमीवर. बायसेप्स कुठे? इथेच पुढची चूक होते. मुलं बेटकुळी जिथे फुगते तिथून अंतर मोजतात. बेटकुळीचा इथे काही संबंध नाही. स्नायू हाडाला जिथे चिकटतो ती जागा महत्त्वाची. कोपर वाकवून दुसऱ्या हाताचा अंगठा कोपराच्या खळग्यात दाबा, मूठ घट्ट आवळा आणि दंड ताणा. दोरीसारखं टणक काहीतरी लागेल. ती बायसेप्सची कंडरा. ती कोपराच्या जेमतेम ४ सेमी पुढे हाडाला जोडलेली असते.

आता हिशेब. डंबेलचं आघूर्ण, म्हणजे बल गुणिले टेकूपासूनचं अंतर, ४९ गुणिले ३५. शिवाय हाताचं स्वतःचं वजन असतंच, आणि ते हमखास विसरलं जातं. कोपरापासून पुढचा हात दीड किलो धरला तर १५ न्यूटन, आणि त्याचा गुरुत्वमध्य १६ सेमीवर. दोन्ही आघूर्णांची बेरीज करून ४ ने भागलं की जवळपास ४९० न्यूटन येतात. म्हणजे पाच किलो पेलायला स्नायू पन्नास किलोच्या वजनाइतकं ओढतोय!

इतकी तोट्यातली रचना कशासाठी? वेगासाठी. कंडरा १ सेमी सरकली की तळहात जवळपास ९ सेमी सरकतो. स्नायूंना भारापेक्षा कितीतरी जास्त बल लावावं लागतं, हे सतराव्या शतकात इटलीचा शास्त्रज्ञ जिओव्हान्नी बोरेल्ली याने तरफेच्याच नियमांनी दाखवून दिलं होतं.

उत्तर विचित्र आलं तर

स्नायूचं बल भारापेक्षा कमी आलं? दोन अंतरांची अदलाबदल झाली असणार. उत्तर दहापटीच्या आसपास चुकलं तर ९.८ विसरलात किंवा दोनदा गुणलात. शंभरपट चुकलं तर एका बाजूला सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला मीटर आहेत. हात तिरका असेल तर हाताची लांबी घ्यायची नाही. बलाच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर घ्यायचं. हात सरळ खाली सोडला की डंबेलची रेषा कोपरातूनच जाते आणि आघूर्ण शून्य होतं, मग लांबी ३५ सेमी असो की मीटरभर.

कोपराच्या सांध्यावरच्या बलाला उणे चिन्ह आलं म्हणून घाबरून ते खोडू नका. दंडाचं हाड पुढच्या हाताला *खाली* दाबतं, सुमारे ४२५ न्यूटनने (स्नायूचे ४९०, त्यातून डंबेलचे ४९ आणि हाताचे १५ वजा). तुम्ही ‘वर’ गृहीत धरलं होतं, एवढाच उणे चिन्हाचा अर्थ. आणि आकृतीत स्नायूचा बाण ढकलणारा काढला असेल तर आधी तो सुधारा. स्नायू फक्त ओढतो. हात सरळ करायचं काम बायसेप्सचं नाहीच. ते दंडामागच्या ट्रायसेप्सचं.

वजन आणि जमिनीची प्रतिक्रिया ही न्यूटनची जोडी नाही

ही चूक चांगल्या चांगल्यांकडून होते. आपण उभे असतो, वजन खाली, जमीन तेवढ्याच बलाने वर. ‘क्रिया-प्रतिक्रिया समान’ असं लिहून मोकळे! पण ही दोन्ही बलं एकाच शरीरावर आहेत, आणि तिसऱ्या नियमातली जोडी नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असते. वजनाची जोडी म्हणजे आपण पृथ्वीला वर ओढतो ते बल. जमिनीच्या रेट्याची जोडी म्हणजे पायांनी जमिनीला दिलेला दाब. वजन आणि जमिनीचा रेटा प्रत्येक वेळी समान असते तर उडीच मारता आली नसती. गुडघे वाकवून उसळी घेताना जमिनीचा रेटा वजनापेक्षा जास्त होतो, म्हणून तर शरीर वर जातं.

पाय जमीन सोडतात त्या क्षणी तो रेटा संपतो. हवेत असताना ‘उडीचं बल’ अजून वर नेतंय असा बाण काढू नका. हवेचा विरोध सोडला तर तिथे फक्त वजन आहे.

चालताना घर्षण मागे असतं, हेही पाठ केलेलं वाक्य. पायाचा चवडा जमिनीला मागे ढकलतो तेव्हा घर्षण आपल्याला पुढे ढकलतं. टाच टेकताना मात्र ते मागे असतं. ओल्या फरशीवर टाच पुढे सटकते ती तेव्हा घर्षण अपुरं पडल्यामुळे.

उतरताना

६० किलोचा माणूस १ मीटरवरून उडी मारतो. गुडघे, खुबे वाकवत शरीर अर्ध्या मीटरमध्ये थांबवलं तर जमिनीचं सरासरी बल किती? बरेच जण ५८८ न्यूटन वजनाला १ मीटरने गुणून अर्ध्या मीटरने भागतात आणि ११७६ न्यूटन काढतात. चूक. थांबता थांबताही वजन खाली ओढतच असतं, ते ५८८ न्यूटन मिळवले की १७६४ होतात. पाय ताठ ठेवून २ सेमीत थांबलं तर हाच आकडा ३०,००० च्या घरात जातो. पडण्याची उंची तीच, फक्त थांबायचं अंतर बदललं.

वजन नुसतं धरून उभं राहिलं तर ‘कार्य शून्य, मग दमायचं कशाला?’ हा प्रश्न बरोबर आहे. भार हलतच नाही, म्हणून भारावर कार्य शून्यच. पण स्नायूतले तंतू ताण टिकवायला सतत ऊर्जा खर्च करतात आणि तिची उष्णता होते.

काठी कोणत्या हातात?

उजवा खुबा दुखत असेल तर बहुतेकांचा उजवाच हात काठीकडे जातो. आकृती काढून बघा. उजव्या पायावर उभं असताना त्या पायावरचं शरीर, सुमारे ४९० न्यूटन, खुब्याच्या सांध्यापासून १० सेमी आतल्या बाजूला खाली ओढतं. त्याला तोलणारा स्नायू बाहेरच्या बाजूला, फक्त ५ सेमीवर. म्हणजे स्नायू ९८० न्यूटन आणि सांध्यावर एकूण १४७०, ६० किलोच्या माणसाच्या एकूण वजनाच्या (५८८ न्यूटन) अडीच पट.

काठी डाव्या हातात घेऊन ६० न्यूटनने टेकवा, सांध्यापासून ३० सेमीवर. स्नायूला आता ६२० न्यूटन पुरतात आणि सांध्यावर १०५० उरतात. तीच काठी उजव्या हातात धरली तर तिचा वरचा रेटा सांध्याच्या बाहेरच्या अंगाला येतो, आणि त्याचं आघूर्ण वजनाच्याच दिशेचं. आराम हवा तर मग धड काठीकडे झुकवावं लागतं, आणि तशी चाल बघताक्षणी ओळखू येते. डॉक्टरांनी कोणाला काही कारणाने वेगळं सांगितलं असेल तर ते पाळावं. हिशेबापुरतं बोलायचं तर डाव्या हाताच्या ६० न्यूटनमुळे सांध्यावरचे ४२० न्यूटन कमी होतात.