'ब्रेझन' हे इंग्रजी विशेषण मराठीत कसे आणावे

उतारा पूर्ण वाचून झालेला आहे आणि शब्दकोश हाताशी आहे, हे मी गृहीत धरते. 'ब्रेझन'चे 'पितळी' आणि 'निर्लज्ज' असे दोन अर्थ पाठ करावेत आणि जिथे जो बसेल तो लावावा, हा सल्ला नव्या अनुवादकांना सर्रास दिला जातो. या शब्दाबाबत मी पाहिलेल्या बहुतेक चुका त्याच सल्ल्यातून आलेल्या आहेत.

प्रथम विशेषणापुढचे नाम पाहावे. ते भांडे, मूर्ती किंवा दरवाजा असेल तर अर्थ धातूचाच असतो. आजचे इंग्रजी पितळी वस्तूला साधे 'ब्रास' लावते; म्हणून धातूच्या अर्थाने 'ब्रेझन' भेटला, तर मजकूर बहुधा जुना किंवा काव्यात्म आहे असे समजावे. जुन्या इंग्रजीत 'ब्रास' या शब्दात तांबे आणि जस्ताचे पितळ येई, तसेच तांबे आणि कथलाचे कांसेही येई. सिसिलीतील जुलमी राजा फॅलॅरिस याच्या कथेतील बैलाला इंग्रजी 'ब्रेझन' म्हणते, पण मराठीत तो कांस्याचाच लिहावा.

नाम आवाजाचे असेल तर 'खणखणीत' किंवा 'कर्कश' यांपैकी संदर्भाला साजेसा शब्द घ्यावा.

खरी अडचण माणूस, त्याचे बोलणे किंवा त्याची कृती यांना हे विशेषण लागते तेव्हा येते, आणि वर्तमानपत्री इंग्रजीत ते जवळजवळ नेहमी असेच लागते. अनेक वर्षांपूर्वी एका कथेतील कारकुनाचे वर्णन करताना मी 'त्याचे पितळ उघडे पडले' असे लिहिले होते. दोन्ही भाषांत पितळ आहे, म्हणजे वाक्प्रचार आयता मिळाला, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात मूळ कारकून काहीच लपवत नव्हता; तो सर्वांसमोर पैसे घेत होता आणि कुणी पाहिले तरी नजर खाली करत नव्हता. माझ्या वाक्याने त्याला सज्जनतेचा मुलामा चढवला आणि मग तो उतरवला. कथेचा सगळा संताप त्या एका ओळीत वाहून गेला, आणि हे छापून आल्यावर माझ्या लक्षात आले.

मराठी पितळ हे सोन्याची बतावणी करणारे पितळ आहे. इंग्रजी पितळ हे कठीण पितळ आहे. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये यशयाच्या 48व्या अध्यायात हट्टी लोकांची मान लोखंडी आणि कपाळ पितळेचे म्हटले आहे. जे कपाळ शरमेने झुकत नाही, ते हेच. हा फरक मला नाशिकच्या भांडी बाजारात नीट कळला. पोचा आलेले घंगाळ ठोकता ठोकता कारागीर थांबला आणि त्याने ते पुन्हा भट्टीत धरले. कारण विचारल्यावर तो म्हणाला, "ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, ताई. ताव दिला नाही तर तडकेल." वारंवार घाव बसून कडक झालेला तो पत्रा पाहताना मला 'निर्ढावलेला' हा शब्द सापडला, आणि माणसासाठी मी आजही तोच आधी लिहून पाहते.

मात्र एकच शब्द सगळीकडे चालत नाही. रागावून, समजावून काहीच परिणाम न होणारा असेल तर तो 'कोडगा'. खोटे असेल तर ते 'धडधडीत', चोरी असेल तर ती 'राजरोस' किंवा 'दिवसाढवळ्या' केलेली, आणि नियमांची पायमल्ली असेल तर ती 'बेमुर्वत'. 'निर्लज्ज' मी सर्वांत शेवटी ठेवते. तो चूक नाही, पण मराठीत तो फार चटकन बाईच्या वागण्याकडे आणि कपड्यांकडे वळतो, शिवाय तो केवळ लाज नसल्याचे सांगतो. 'ब्रेझन'मध्ये उघडपणा अधिक महत्त्वाचा असतो. म्हणून वाक्य लिहून झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या माणसाने हे लपवण्याचा प्रयत्न केला, असे माझ्या वाक्यातून सूचित होते का? उत्तर 'हो' आले, तर वाक्य खोडून नव्याने लिहावे.

'ब्रेझन इट आऊट' हे क्रियापद मात्र वेगळे आहे. तिथे लबाडी आधी उघडकीस आलेली असते आणि माणूस त्यानंतरही काही घडलेच नाही अशा थाटात वावरतो. त्यामुळे मी ज्या वाक्प्रचारापासून इतका वेळ सावध करत आले, तो इथे निर्धास्त वापरता येतो: 'पितळ उघडे पडल्यावरही तो तोंड वर करून सभेत बसून राहिला.'